येडक्का

खजुरी,
रविवार

प्रिय पवित्रा,

हे पत्र तुला पिंकी आणून देईल. मी फोनवर लिहिते आहे, ती झेरॉक्सच्या दुकानातून छापून घेईल. वाचू नकोस असं तिला बजावलंय, पण ती वाचणारच, माझी रूममेट कशी आहे ते तुला ठाऊक आहे. वाचू दे. शुक्रवारनंतर ते सगळ्यांनाच कळणार आहे. आणि मला मराठी वाचता येत नाही ही सबब तू सांगू नकोस. हिंदीला तू माझ्यापेक्षा जास्त मार्क काढतेस, आणि अक्षरं सारखीच आहेत, अडलीस तर अडखळत वाच.

आवाजात पाठवणं सोपं होतं. पण माझ्या आवाजाची हल्ली मलाच भीती वाटते. मी बोलायला लागले की समोरची माणसं गप्प होतात, आणि त्याचा मी कसा वापर केला ते तू पाहिलं आहेस. शिवाय मध्येच मला रडू आलं असतं, तू लगेच विरघळली असतीस आणि असू दे म्हणून मोकळी झाली असतीस. तसं व्हायला नको. म्हणून मग फोनला सांगून त्याच्याकडून लिहून घ्यायला बसले, तर तो एकाच शब्दावर अडून बसला. कोणता शब्द ते तुला सांगायला नको. दर वेळी तो ‘येडी अक्का’ असं लिहायचा आणि मलाच वाचून दाखवायचा. शेवटी बोलणं बंद केलं आणि एकेक अक्षर चाचपत लिहायला घेतलं.

घरी तुरीची मळणी चालू आहे. सगळीकडे धूळ, अप्पांचा घसा बसलाय आणि तरी ते दिवसभर ओरडत असतात. परवा अमावस्येला येळवस झाली. सगळं घर शेतात, नेहमीसारखी कडब्याच्या खोपीत पूजा, भज्जी, उंडे, आंबील. गेल्या येळवशीला तू आली होतीस आणि आमची आंबील पिऊन ‘आमची ह्याच्याहून आंबट असते’ म्हणून आईला चिडवलं होतंस. आईने या वेळी तुझ्या वाटणीची भज्जी वेगळी काढून ठेवली. सारखं विचारत होती, ‘तुझी ती कडगंचीची पोरगी कामून आली न्हाई औंदा? भांडलाव का?’ मी म्हटलं, तिची परीक्षा आहे. आई म्हणाली, मग तुझी न्हाई का परीक्षा? माझ्या आईपुढे खोटं टिकत नाही. बाहेर मात्र टिकतं, चांगलं महिना-महिना टिकतं.

मला कॉलेजातले पहिले दिवस आठवतात. मी लातूरच्या अंध शाळेतून आलेली, सगळं शिक्षण मराठीतून, कन्नड म्हणजे बस आणि कँटीनपुरतं. बेकु, बेडा, साकु, म्हणजे हवं, नको, पुरे. एवढ्या भांडवलावर मी गुलबर्ग्याला आले. सावित्रम्मा मॅडमनी दिव्यांग कक्षात तुझा हात माझ्या हातात दिला आणि ही तुझी सोबतीण म्हणाल्या. तुझा तळवा घामाने ओला होता. मला वाटलं, ही घाबरली मला. नंतर कळलं की तू कायमच घामट. हॉस्टेलपासून वर्गापर्यंत नेताना तुला माझं ‘डावं-उजवं’ काही लक्षात राहीना, नेमकं उलटं सांगायचीस. मग तूच तोडगा काढलास. उजवीकडे म्हणजे ‘जेवायच्या हाताला’ आणि डावीकडे म्हणजे ‘दुसऱ्या हाताला’. जिना आला की ‘जेवायच्या हाताला कठडा हाय बघ.’ लोक हसायचे, पण आपण त्या दोन हातांवर सगळं कॉलेज फिरलो. मला तेच पुरलं, म्हणून तुमच्या भाषेत डाव्या-उजव्याला काय म्हणतात हे मी कधी विचारलंच नाही. एवढा साधा प्रश्न, पण तो सुचला नाही, कारण आपली भाषा मला शिकवायची जबाबदारी तुझी आणि माझी भाषा शिकायची जबाबदारीही तुझीच, असं मी मनोमन धरून चालले होते.

तू माझ्यासाठी धडे वाचून रेकॉर्ड करायचीस. मध्येच तुझी जांभई, मध्येच हॉस्टेलची घंटा, मध्येच ‘हे मला बी कळलं न्हाई, पुढं जाते’. माझ्या परीक्षेच्या रायटरला तूच शोधून आणायचीस, तिला माझा वेग कसा आहे ते समजावून सांगायचीस. पण ते सगळं इतर कक्षांतही कुणी ना कुणी करत असेल. तू केलंस ते वेगळं. आपल्या कॉलेजात आंधळी मुलगी म्हटलं की एकच काम, कार्यक्रमाच्या सुरुवातीला स्वागतगीत. पाहुणे आले की मंजुश्रीला आणा. माझा गळा बरा आहे का वाईट हेही कुणी विचारत नव्हतं. तूच मॅडमशी भांडलीस की ही गाणार नाही, ही पळणार. मी पळण्यात बरी होते हे शाळेतल्या गप्पांतून तूच काढून घेतलं होतंस. कक्षाच्या क्रीडा दिवसात आमच्यासाठी पळण्याची शर्यत ठेवायला तू लावलीस, दुसऱ्या कॉलेजांतून दोघी जणींना बोलावून घेतलंस. पहाटे मैदानावर माझ्याकडून सराव करून घेतलास, टाळ्या वाजवत पुढे उभी राहून. तेव्हा मी सरळ पळायचे, तुला काही ओरडावंच लागायचं नाही.

शर्यतीच्या दिवशीचं तुला काय सांगू, तू तिथेच होतीस. पण माझ्या बाजूने कसं ऐकू आलं ते तुला माहीत नाही. बाजूला लाऊडस्पीकर लागला होता, त्यात तुझ्या टाळ्या बुडत होत्या. मी पळत होते, छान पळत होते. एकाएकी टाळ्या थांबल्या आणि तुझा आवाज आला, जिवाच्या आकांताने, ‘येडक्का! येडक्का!’ मला पहिल्यांदा खरंच वाटेना. मग कडेला उभी असलेली काही पोरं हसली आणि त्यांतल्या एकाने तालावर धरलं, ‘येडी अक्का, येडी अक्का’. सगळ्यांनीच उचललं. पवित्रा, लहानपणी सुट्टीत गावी आले की गल्लीतली पोरं माझ्या मागे हेच म्हणायची. आंधळी हे त्यांना पुरायचं नाही, त्यात येडी जोडायची. आई मारायला धावायची. लातूरला शाळेत हा शब्द कुणी मला म्हणालं नाही, तिथे सगळेच माझ्यासारखे. इतक्या वर्षांनी तो मैदानभर ऐकला आणि त्याची सुरुवात तुझ्या तोंडून झाली होती. मी जागच्या जागी थांबले. तू धापा टाकत आलीस, ‘कामून थांबलीस गं?’ म्हणत हात धरलास. मी तो झटकला. तुला काय काय बोलले ते इथे लिहीत नाही, तुझ्या लक्षात असेलच. त्या दिवशीच्या माझ्या बोलण्याची मला लाज वाटते, पण तेवढ्याचीच असती तर मी तुझ्या पाया पडून मोकळी झाले असते.

त्याच संध्याकाळी मी मॅडमकडे तक्रार केली. ती पोरं कोण होती हे मला कसं सांगता येणार? मला नाव माहीत होतं ते एकच, तुझं. जी हाताशी होती तिच्यावरच राग काढला.

इथपर्यंत तुला ठाऊक आहे, निदान तू अंदाज केला असशील. मंजुश्रीची समजूत चुकली, बिचारीला कन्नड येत नाही, असं म्हणून तू मला मनातल्या मनात माफही केलं असशील, तू तशीच आहेस. म्हणून आता पुढचं नीट वाच.

चौकशी ज्या दिवशी होती त्या दिवशी सकाळी मी हॉस्टेलच्या पायरीवर बसले होते. पाण्याचा टँकर आला. तुला माहीत आहे आपलं गेट किती अरुंद आहे. वॉचमन ईरण्णा मागे उभा राहून, येऊ दे, येऊ दे करत टँकर आत घेत होता. ‘बर्ली, बर्ली… येडक्का… येडक्का… बलक्का… बर्ली… साक्!’ मला हसूच आलं. म्हटलं, हा ईरण्णा टँकरला येडी अक्का कशाला म्हणतोय? आणि हसता हसता माझं हसू तोंडातच राहिलं. टँकरला कोण येडी म्हणेल? मी कुणाला विचारलं नाही, विचारायची गरजच नव्हती. ‘येडक्का’ म्हटलं की चाकं कोणत्या बाजूला वळतात ते मला ऐकू येत होतं. दुसऱ्या हाताला. मग आत जाऊन पिंकीला सहज विचारल्यासारखं विचारलं की शर्यतीत मी कुठे चालले होते गं. ती म्हणाली, सरळ मंडपाच्या लोखंडी खांबाकडे, डोकंच फुटलं असतं तुझं. खांब माझ्या जेवायच्या हाताला होता, आणि तू मला दुसऱ्या हाताला वळवत होतीस.

म्हणजे चौकशीच्या खोलीत मी आले तेव्हा मला सगळं कळलेलं होतं, पवित्रा. चुकून नव्हे, समजून-उमजून मी त्या खुर्चीवर बसले. वाटेत ठरवलंही होतं की सांगून टाकायचं. पण खोलीत किती लोक होते! प्रिन्सिपल सर, दोन प्राध्यापक, मॅडम, कोपऱ्यात तू, आणि तुझे अप्पा. तुझ्या अप्पांना बोलावलंय हे मला माहीत नव्हतं. काशप्पा काका कडगंचीहून दुकान बंद करून आले होते. सगळे माझ्या बाजूने इतके गंभीर झाले होते की मी जर म्हटलं असतं, सर, ती डावीकडे म्हणत होती, माझंच चुकलं, तर तिथल्या तिथे हसू फुटलं असतं. आणि संध्याकाळपर्यंत सगळं कॉलेज म्हणालं असतं, खरंच येडी अक्का आहे. ते मला सोसवलं नसतं. सरांनी विचारलं, नेमकं काय म्हणाली ती? मी म्हणाले, ‘येडी’. मी ‘येडक्का’ म्हटलं असतं तर त्या खोलीतल्या प्रत्येकाला अर्थ कळला असता, सगळे कन्नड बोलणारे. म्हणून मी शेवटचं ‘क्का’ गिळलं, उरलेल्या ‘येड’ची ‘येडी’ केली. एवढंच केलं, बाकी काही खोटं बोलले नाही. एवढंच पुरेसं होतं.

तू म्हणालीस, ‘न्हाई सर, मी तसं म्हनले न्हाई.’ तू पुढे बोलणार होतीस. तुझा श्वास मला ऐकू आला, वाक्य सुरू करण्याआधी तू घेतेस तसा. तो पुरा व्हायच्या आत मी म्हणाले, ‘सर, माझे डोळे गेलेत, कान नाही.’ या वाक्यावर कुणी काही बोलू शकत नाही हे मला माहीत होतं. लहानपणापासून माहीत आहे. दुकानदार, कंडक्टर, मास्तर, सगळे या वाक्यापुढे खाली बघतात, मला दिसत नसलं तरी कळतं. ते वाक्य मी आजवर माझं रक्षण करायला वापरलं होतं. त्या दिवशी तुझ्यावर उगारलं. आणि तू गप्प झालीस. तुला तेव्हाच कळलं ना, की मला कळलंय? मला वाटतं कळलं. तुझ्या बांगड्या एकदा वाजल्या.

मग तुझे अप्पा उठून माझ्याजवळ आले. ‘शरणु, अव्वा,’ असा नमस्कार करून म्हणाले, ‘तप्पायितु.’ तो शब्द मला येत होता. चुकलं. दाराशी थांबलेली पिंकी म्हणते त्यांनी हात जोडले होते. वडिलांच्या वयाचा माणूस, आणि मी मान हलवून त्यांची माफी स्वीकारली. पवित्रा, मी ती स्वीकारली गं.

नंतरचं काही तुला ठाऊक आहे, काही कानावर आलं असेल. तू माफीनामा लिहून दिलास, कक्षातून तुझं नाव काढलं. बाकीच्या सोबत्यांनीही हळूहळू येणं बंद केलं. कुणी तोंडावर बोलत नाही, पण मागून म्हणतात, नको बाबा, ह्यांना काही बोललं की तक्रार. किरणकुमारची बॅग वर न्यायला आता कुणी नसतं. कुबड्या आणि बॅग दोन्ही घेऊन त्याला दुसऱ्या मजल्यावर जमत नाही, तो पार्किंगच्या कट्ट्यावरच बसून असतो, तास बुडवतो. आणि तोच मला भेटला की काय म्हणतो माहीत आहे? ‘बरं केलंस अक्का, एकदा धडा पाहिजेच होता.’ त्याचे तास माझ्यामुळे बुडतात आणि तो मला शाबासकी देतो. तीन डिसेंबरला दिव्यांग दिनाला तर मला व्यासपीठावर बसवलं, विषय दिला ‘स्वाभिमान’. या वेळी स्वागतगीत नाही, भाषण. तुला हवं होतं ना मी गाण्याऐवजी दुसरं काही करावं? मी बोलले. लोकांनी उभं राहून टाळ्या वाजवल्या असं मॅडम म्हणाल्या. त्या टाळ्या मी पावलं मोजत खाली उतरेपर्यंत चालू होत्या आणि त्यांत तुझी टाळी नाही हे मला नीट कळत होतं. पिंकीने त्याच दिवशी सांगितलं की तू विशेष शिक्षणाचा कोर्स करायचा विचार सोडलास. तुझे अप्पा म्हणाले म्हणे, दिव्यांगांच्या वाटेला नको जाऊ बाई, आपल्याला ते जमायचं नाही. ज्या मुलीला ते सगळ्यांत जास्त जमतं तिला.

परवा येळवशीला, जेवणं झाल्यावर, सगळे आडवे झाले तेव्हा मी आईजवळ सरकले आणि विचारलं, ‘आई, येडक्का म्हंजे काय गं?’ खरं सांगते, मनाच्या कोपऱ्यात अजून आशा होती की ती म्हणेल, शिवी हाय. आई म्हणाली, ‘डावीकडं. कामून?’ मग मला राहवलं नाही, सगळं सांगितलं. क्का गिळलं तेही सांगितलं. ती मला ‘येडी हैस का गं’ म्हणेल असं वाटलं होतं, ती एरवी दिवसातून दहादा म्हणते. पण ती म्हणाली, ‘तुला पोरं येडी म्हनायची तवा म्या त्यांच्या दारात जाऊन भांडायचे. आता म्या कुनाच्या दारात जाऊ?’ तिने वेगळी काढलेली तुझी भज्जी तशीच परत घरी आणली.

काल सावित्रम्मा मॅडमना फोन करून सगळं सांगितलं. शुक्रवारी वार्षिक संमेलनात आदर्श विद्यार्थिनी म्हणून माझा सत्कार ठरलाय, पत्रिका छापून झाल्यात. त्या म्हणाल्या, प्रिन्सिपल सरांशी मी बोलेन, माफीनामा फाडायला लावेन, तेवढं पुरे. मी म्हटलं, पुरे नाही मॅडम. ज्या खोलीत मी क्का गिळलं ती खोली लहान होती, पण नंतरच्या टाळ्या सगळ्या मैदानाने वाजवल्या. त्यांना सगळ्यांना तो शब्द पुरा ऐकवायचा आहे. हसले तर हसू देत. येडी अक्का म्हणाले तर त्यात आता चूक काय आहे? मॅडम म्हणाल्या, तू बोल, माइक मी बंद करू देणार नाही. किरणकुमारला आधी जाऊन सांगणार आहे, मग तुझ्या अप्पांना. कडगंचीला मी एकटी येईन, बसने, आणि त्यांना त्यांच्याच शब्दात सांगेन, तप्पायितु. बाकी कन्नड मला येत नाही, पण ते शिकायला आता मी लागले आहे.

हे पत्र माफीसाठी नाही. ती मागायची वेळ मी त्या खोलीत घालवली, आणि तू दिलीस तरी मी घेणार नाही, एकदा तुझ्या अप्पांची घेऊन बसले आहे तेवढं बस आहे. तू यावंस एवढ्यासाठी लिहिलंय. शुक्रवारी माझं नाव पुकारलं की सोबत कुणी देऊ नका असं मी मॅडमना सांगितलंय. पायऱ्या चढून माइकपर्यंत मी एकटी जाणार. व्यासपीठ मोठं आहे, तारा आहेत, मी नक्की भरकटणार. तेव्हा तू गर्दीत कुठेही असलीस आणि तुला वाटलं, तर ओरड. जेवायचा हात, दुसरा हात असं काही नको, ते तू माझ्यासाठी केलं होतंस. तुझ्या भाषेत ओरड, तुला तोंडात येईल तसं, सगळ्यांना ऐकू जाईल असं. मी डावीकडे वळेन. आणि नाही ओरडलीस, तर धडपडत का होईना, पोचेन, आणि तो शब्द मीच माइकवर म्हणेन, शेवटच्या अक्षरापर्यंत.

तुझीच म्हणवून घ्यायचा हक्क मी त्या खोलीत सोडून आले, तरीही दुसरं काही लिहिता येत नाही म्हणून,
तुझीच,
मंजुश्री